असिस्टंट म्हणून अमोल

चामराजपेट, बंगळूर
७ जुलै १९५७

ती. सौ. रत्नाक्कास,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तिकडेही बरंच असणार, कारण काही बिघडलं असतं तर तुझं पत्र आधी आलं असतं.

तुझा धाकटा भाऊ नोकरीला लागला. कॉलेजात. हुद्दा असिस्टंट फिजिकल डायरेक्टर. आईनं त्यातला पहिला शब्द गिळला आणि ‘आमचा व्यंकू डायरेक्टर’ म्हणून गल्लीभर साखर वाटली. समोरच्या कौशल्याबाईंनी विचारलं, “सिनेमाचा का हो?” आई म्हणाली, “असेल तसंच काहीतरी.”

माझं काम बास्केटबॉलची टीम तयार करण्याचं. पहाटे साडेपाचला तांबड्या मातीच्या कोर्टावर पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, बारा मुलांना घाम फुटेपर्यंत पळवायचं. साडेसातला माझे वरिष्ठ गुरुराजराव येतात. डोक्याला म्हैसुरी पेटा, गळ्यात शिट्टी, हातात छत्री. त्यांची खुर्ची मी आधीच सावलीत ठेवलेली असते. त्यांचा खरा विषय डंबेल्स. बॉल जरा जवळून गेला की ते छत्री उघडतात. पण माणूस वाईट नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, “नोडप्पा, बघ बाबा, पाच वर्षांनी मी रिटायर. मग ही खुर्ची तुझीच. तोवर स्वल्प सोसायचं.”

पाच वर्षं काय, बघता बघता जातील. मग टीम माझी, माझ्या नावाची. मला दुसरं काही नको.

दाजींना नमस्कार. त्यांना सांग, आता मेव्हणाही त्यांच्याच धंद्यात आला.

तुझा व्यंकू

•

बेळगाव
२ ऑगस्ट १९५७

चि. व्यंकूस आशीर्वाद, आणि अक्कल कमी पडली तर तीही घे.

तुझे गुरुराजराव खुर्चीबद्दल जे बोलले, तेच माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी चाव्यांबद्दल बोलल्या होत्या. अकरा वर्षं झाली. चाव्या अजून त्यांच्याच कमरेला आहेत. तेव्हा जे काय कबूल केलंय ते कागदावर घे.

यांना तुझा खेळ समजावून सांगितला. यांचं सगळं आयुष्य हायस्कुलात ड्रिल मास्तर म्हणून गेलेलं. चारशे पोरं एका हाकेसरशी उजवीकडे वळवतात. घरी तीन मुली जेवायला वळत नाहीत, तो भाग वेगळा. हे म्हणाले, “बुडाला भोक असलेल्या टोपलीत बॉल टाकायचा? मग तो राहायचा कसा?” मला वाटतं, तुझ्या नोकरीबद्दल इतकं नेमकं दुसरं कुणी बोलणार नाही.

इथं माझ्या मराठीला अजून हसतात. बोलता बोलता ‘बरं’च्या जागी ‘सरी’ म्हटलं की जाऊबाई नाक मुरडतात. तू पत्र लिहीत जा. तुझ्या पत्रात मला कुणी हसत नाही.

तुझी अक्का

•

बंगळूर
१९ जानेवारी १९६०

ती. अक्कास,

कप जिंकला! सगळ्या कॉलेजांत पहिले आलो.

शेवटची दोन मिनिटं, तीन पॉइंट मागे. मुलं रिंगकडे बघून बॉल भिरकावत होती. मी जवळ बोलावून एकच सांगितलं, “बॉलकडे बघू नका. ज्याच्याकडे बॉल नाही तो कुठं धावतोय ते बघा.” अक्का, हे मी त्यांना तीन वर्षं शिकवतोय. रोज अर्धा तास बॉलशिवाय सराव. नुसतं धावायचं, जागा घ्यायची, जागा सोडायची. रस्त्यावरचे लोक कुंपणाशी उभे राहून विचारायचे, “काय मेष्ट्रे, बॉल हरवला का?” आता विचारत नाहीत.

पेपरात फोटो आलाय, कात्रण पाठवतो. मध्ये गुरुराजराव, मांडीवर कप. दोन्ही बाजूंना कमिटीचे मेंबर. मला शोधू नको. ऐनवेळी एक मेंबर जास्त आले, खुर्ची कमी पडली, ती आणायला मी आत गेलो होतो. बाहेर आलो तोवर फोटोवाला काळं फडकं घडी करत होता.

खाली छापलंय, ‘श्री. गुरुराजराव यांच्या कुशल मार्गदर्शनाखाली.’ ते वाक्य माझंच. इथली पद्धतच आहे, वरच्या माणसाचं सगळं खालचा माणूस लिहितो, वरचा सही करतो. वर्षाचा अहवाल, पेपरची बातमी, बक्षीस समारंभाचं भाषण, सगळं मीच लिहितो. त्या अहवालात ‘माझ्या असिस्टंटचं इंग्रजी उत्तम आहे’ असं एक वाक्य होतं. तेही मी घातलं होतं. त्यांनी खोडलं.

तुझा व्यंकू

•

बेळगाव
६ फेब्रुवारी १९६०

चि. व्यंकूस,

कात्रण पाहिलं. चंपाला विचारलं, “यात मामा कुठाय?” ती सातव्या वर्षीच शहाणी आहे. म्हणाली, “ज्या खुर्चीवर तो जाडा बसलाय ना, ती मामानं आणलीय.”

आपल्या हातानं आपलंच नाव पुसायचं आणि वर अक्षर किती सुरेख म्हणून सांगायचं, हे तुझ्याखेरीज कुणाला जमणार नाही. लहानपणीही असाच होतास. पाहुण्यांनी विचारलं, “गाणं कोण म्हणत होतं?” की माझ्याकडे बोट दाखवायचास. गाणारा तू, आणि लाडू मला. तेव्हा लाडू मी खाल्ले, हे खरं आहे.

पुढच्या वेळी खुर्ची आण, पण तिच्यावर बस.

अक्का

•

बंगळूर
११ मार्च १९६२

ती. अक्कास,

दिवस आला. गुरुराजराव जूनमध्ये रिटायर होतायत. जागेची जाहिरात निघाली, कात्रण सोबत आहे. सगळे म्हणतात, जाहिरात नुसती रीत म्हणून. तीन वेळा कप जिंकलेला माणूस दारात उभा असताना बाहेरचा कोण आणतील? आईनं बनशंकरी देवीला मंगळवारचे लिंबाच्या सालीतले दिवे सुरू केलेत. घरात लिंबू राहिलेलं नाही, सार बेचव लागतं.

अर्जाला वरिष्ठांचं शिफारसपत्र लागतं. गुरुराजराव म्हणाले, “तूच लिही, मी सही ठोकतो.” अक्का, दोन दिवस बसलो. ‘असामान्य’ लिहिलं आणि कान तापले. ते वाचणार, मग माझ्याकडे बघणार! खोडलं. ‘तिन्ही कप यांच्यामुळे’ असं लिहिलं. मग त्यांच्या पाच वर्षांच्या अहवालांत मी काय लिहिलंय ते आठवलं, तेही खोडलं. शेवटी असं लिहिलं:

‘श्री. व्यंकोजी आज्ञाधारक व वक्तशीर आहेत. पाच वर्षांत त्यांच्या हातून एकही बॉल हरवला नाही. सांगितलेलं काम ते तक्रार न करता करतात. असिस्टंट म्हणून ते अमोल आहेत.’

गुरुराजरावांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, “अगदी मनातलं लिहिलंस.” सही केली.

मोजकं आहे, पण वजनदार आहे. काळजी करू नको.

तुझा व्यंकू

•

बेळगाव
२५ मार्च १९६२

व्यंकू,

हे शिफारसपत्र आहे का हमालाचा बिल्ला? एकही बॉल हरवला नाही म्हणे! तू कोच आहेस का गोडाऊनचा राखणदार? आजच्या आज जा आणि दुसरं लिहून सही घेऊन ये. गुरुराजरावांना काय, धोब्याच्या यादीवरही सही करतील ते.

आता माझं एक काम. इथं हायस्कुलात वरची एक जागा निघते आहे. हेडमास्तरांनी यांनाही तेच सांगितलंय, लिहून आणा, सही देतो. यांचं इंग्रजी तुला ठाऊक आहे, ‘अटेन्शन’च्या पुढे जात नाही. तू लिहून दे. हात आखडू नको. सगळे खेळ शिकवतात असं लिही, तुझ्या त्या बास्केटबॉलसकट. शाळेचं नाव, गाव यांचा उल्लेख फार नको. ‘आमच्या संस्थेत’ एवढंच म्हण. स्वतःबद्दल लिहिताना तुझी शाई वाळते, दुसऱ्याबद्दल लिहिताना ओसंडते, हे मी लहानपणापासून बघतेय.

एकोणतीसच्या आत पाठव.

अक्का

•

बंगळूर
२८ मार्च १९६२

ती. अक्कास,

दाजींचं पत्र सोबत आहे. लिहिताना काय मजा आली म्हणून सांगू! एका बैठकीत झालं. ‘दूरदृष्टी’, ‘असामान्य’, ‘जन्मजात शिक्षक’, काही शिल्लक ठेवलं नाही. तरीही पान रिकामं दिसत होतं. मग आमचा बॉलशिवायचा सराव त्यांच्या नावावर घातला. ‘यांनी स्वतः शोधलेली ही पद्धत’ असं म्हटलंय. बेळगावात कोण विचारणार? लिहिता लिहिता मलाच दाजींबद्दल इतका आदर वाटायला लागला की शेवटी उठून पाणी प्यालो.

माझ्या पत्राचं म्हणशील तर सही झालेली आहे. आता परत जाऊन ‘साहेब, मी याहून बरा आहे’ म्हणायचं? ते मला व्हायचं नाही. कमिटी मला रोज पहाटे कोर्टावर बघते. कागदाला कोण विचारतो?

तुझा व्यंकू

•

बंगळूर
१८ जून १९६२

अक्का,

काल इंटरव्ह्यू झाले. तू वाट बघत असशील, म्हणून क्रमानं सांगतो.

सकाळी मला निरोप आला: बाहेर बाक मांडा, उमेदवारांना पाणी द्या, नावं पुकारा. मी म्हटलं, मीही उमेदवार आहे. क्लार्क म्हणाला, “हो ना, पण तुमचं नाव शेवटी आहे, तोवर मोकळेच आहात.”

बाक मांडला. तिसरा उमेदवार येऊन बसला. बंद गळ्याचा कोट, मुलीच्या बारशाला घातलेला. दाजी.

मला बघून त्यांना खरंच आनंद झाला, अक्का. उठून मिठी मारली. म्हणाले, “व्यंकोजी, अभिनंदन! तुम्हाला वरची कुठली जागा मिळाली ते मात्र हिनं सांगितलं नाही. म्हणाली, तुम्ही वर गेलात म्हणून ही रिकामी झाली. घरी उतरणार होतो, पण हिनं सांगितलं, आधी चौल्ट्रीत, तिथल्या धर्मशाळेत उतरा, काम झालं की मग पेढे घेऊनच जा.”

मी त्यांना पाणी दिलं. नाव पुकारलं. दार उघडंच राहिलं, मी दाराशी उभा. चेअरमननी पत्र मोठ्यानं वाचलं. माझं एकेक वाक्य आतून माझ्याकडे येत होतं. बॉलशिवायच्या सरावाशी थांबले. “ही कल्पना तुम्हाला कशी सुचली?” दाजी खोटं बोलणारे नाहीत. म्हणाले, “साहेब, आमच्या शाळेत बॉल नव्हताच.” सगळी कमिटी खूश. चेअरमन म्हणाले, “बघा! साधनांविना काम करणारा माणूस!”

मग शेवटी मी. माझं पत्र चेअरमननी मनातल्या मनात वाचलं, चार ओळींना वेळ तो किती लागणार? चेअरमन म्हणाले, “मिस्टर व्यंकोजी, तुमच्या पद्धतीचा सराव तिकडे बेळगावात आधीपासून चालतो म्हणे. तुम्ही तिथूनच घेतलात का?”

त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर? दोन्ही पत्रं माझ्याच हातची आहेत, एवढं म्हणायचं होतं. मग दाजींना लबाड म्हणून दारातून बाहेर काढलं असतं. ते तुझ्याकडे परत येताना गाडीत कसे बसले असते, ते मला दिसलं.

मी म्हटलं, “होय सर. तिथूनच घेतला.”

“असिस्टंट म्हणून तुम्ही आम्हाला हवेच आहात,” ते म्हणाले. “तुमच्या वरिष्ठांनीच लिहिलंय.”

आईनं अजून दिवे थांबवले नाहीत. जागा घरातच आली म्हणून ती अर्धी खूश आहे. उरलेल्या अर्ध्याचं काय करावं ते तिला कळत नाही.

मला एकच विचारायचं आहे. ती जाहिरात मीच तुला पाठवली होती ना?

व्यंकोजी

•

बेळगाव
२ जुलै १९६२

चि. व्यंकूस,

हो. तूच पाठवलेली. मीच ती यांच्यापुढं ठेवली. आणि यांना खोटं मीच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर हे गाडीत चढले नसते. त्यांना दोष देऊ नको.

राज्यं बदलल्यापासून इथल्या शाळेत मराठी वर्ग एकेक करून मिटतायत. ड्रिल तर आधीच गेलं. हेडमास्तरांनी जानेवारीतच सांगितलं होतं, यंदाचं वर्ष शेवटचं. तुला कळवलं नाही. माहेरी कळवायच्या गोष्टी वेगळ्या असतात आणि जगायच्या वेगळ्या. तीन मुली आहेत मला.

माफी मागत नाही, कारण तू लगेच करशील, आणि ते मला जास्त लागेल. पण एक ऐक. तुझं ते चार ओळींचं पत्र वाचलं त्याच क्षणी मला कळलं की ही जागा तुला मिळत नाही. कमिटीला कळायच्या तीन महिने आधी. मग म्हटलं, तिऱ्हाइताच्या घरी जाण्यापेक्षा आपल्या घरी आलेली काय वाईट? तू दुसरं पत्र लिहून सही आणली असतीस तर मी यांचा अर्ज टाकू दिला नसता. देवाशपथ दिला नसता.

असं मी स्वतःला रोज सांगते. काही दिवशी पटतं.

यांना सांभाळून घे.

अक्का

•

बेळगाव
२८ एप्रिल १९६३

चि. व्यंकूस,

दहा महिन्यांत तुझी एक ओळ नाही. यांच्या पत्रांतून तू कळतोस. यंदाही कप आला, फोटो पाहिला. हे मध्ये बसलेत, आणि चेहरा असा की जणू दुसऱ्याचं मूल मांडीवर दिलंय.

यांनी लिहिलंय, उत्तरेकडे कोच घडवायची नवी संस्था निघालीय, तिथून तुला बोलावणं आलं. वर्षभर शिकायचं, मग बाहेर मोठ्या टीमवर स्वतःच्या नावानं नेमणूक. डायरेक्टरची सही तेवढी हवी. हे लिहितात, “सही करणार. पोराचं भलं होईल.” साधा माणूस आहे.

व्यंकू, यांना अजून फाउल म्हणजे काय ते कळत नाही. तू गेलास तर पहिल्या मॅचला ते उघडं पडेल, आणि हे मान खाली घालून खरं सांगून टाकतील. मी सामान बांधलंय. मुलींची नावं तिथल्या शाळेत घातली. इथं आता परतायला काही नाही.

सही करू नका, असं यांना मी सांगू शकत नाही. कारण विचारतील.

ते कागद तुझ्यापुढं ठेवतील. पुढचं तू बघ.

अक्का

•

बंगळूर
१२ मे १९६३

सौ. रत्नाबाई बसवंतराव यांस,

दाजींनी काल कागद पुढं ठेवला. सही आधीच केलेली होती. म्हणाले, “व्यंकोजी, तुम्ही जा. इथलं मी बघतो. मला काय अवघड आहे? अकरा जण असतात ना एका बाजूला?”

मी म्हटलं, पाच.

“तेच ते,” म्हणाले.

मी कागद परत दिला. आईची तब्येत बरी नसते, असं कारण सांगितलं. आईला ते आवडलं, कालपासून ती खोकतेय. तुझ्या पत्राचा त्यात काही संबंध नाही, असंही मी त्यांना आपणहून सांगितलं. त्यांनी विचारलं, “कुठलं पत्र?” तेव्हा मात्र मी सांभाळून घेतलं.

यशवंतपूरला घर बघून ठेवलंय. पाणी दिवसातून दोनदा येतं, मुलींची शाळा चालत जाण्यासारखी आहे. गुरुवारी गाडीवर दाजी येतील, मी येणार नाही. गुरुवारी संध्याकाळी सराव असतो.

आता एकाच गावात आलो म्हणजे पत्रांचं काम संपलं. बरंच झालं. समोरासमोर माणसाला इतकं बोलावं लागत नाही. रविवारी जेवायला बोलावशील, येईन. वाढशील ते खाईन, चंपाला हसवीन, सुपारी घेऊन निघेन. एवढंच कर, जेवताना कोर्टाचा विषय काढू नको. दाजींना तो कळत नाही, आणि मला दुसरं काही कळत नाही.

व्यंकोजी